सुप्रभाताई, विटा आणि पांढरा रंग

सुप्रभाताई कर्णिकांना ‘नको’ म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं. त्यांचा शब्द एकच, ‘चालेल’. चहात साखर कमी पडली तरी चालेल, पाहुणे न सांगता आले तरी चालेल आणि पाहुणे आलेच नाहीत तरीही चालेल. लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये एका छोट्या लायब्ररीत त्यांनी काउंटरवर सगळी नोकरी काढली. तिथे कुणी दोन पुस्तकं हातात धरून विचारलं, की यातलं कुठलं नेऊ, तर त्या हसून म्हणायच्या, “बोथ आर लव्हली.” माणसं बिचारी दोन्ही घेऊन जायची. त्यामुळे लायब्ररीचे आकडे फार चांगले दिसतात, असं त्यांची मॅनेजर कौतुकानं सांगायची.

अशी माणसं घरात सोयीची असतात. ती सगळ्यांना आवडतात, आणि त्यांना स्वतःला काय आवडतं हे विचारायचं कुणाला सुचत नाही. यात त्यांचाही दोष असतोच. सारखं ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणणारं माणूस समोरच्याच्या डोक्यावर केवढं ओझं ठेवतं, हे त्याला कळतच नाही. पण एवढ्या गोड माणसाला हे तोंडावर सांगणार कोण?

तर अशा सुप्रभाताईंवर २००६च्या उन्हाळ्यात एक गोष्ट ठरवायची वेळ आली. बैठकीच्या खोलीतल्या विटांच्या फायरप्लेसला पांढरा रंग द्यायचा की नाही?

प्रश्न किरकोळ वाटेल, पण ती फायरप्लेस किरकोळ नव्हती. अर्धी भिंत तिनंच खाल्लेली. लाल, तपकिरी, मधूनच जळकट विटा, एका बाजूला टीव्ही ठेवायला पायरी, दुसऱ्या बाजूला गणपतीसाठी कोनाडा, मध्ये गॅसची शेगडी. बाहेर ढग आले की, आणि क्रॉयडनला ते काही निमित्त शोधत बसत नाहीत, खोली भर दुपारी काळवंडायची. विटांची भुकटी कार्पेटवर पडायची आणि सांध्यांतली धूळ सुप्रभाताई जुन्या टूथब्रशनं काढत बसायच्या. मुख्य म्हणजे ती पद्माकररावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, स्वतः बांधली होती. पद्माकररावांचा जन्म गेला एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्रॉइंगच्या टेबलापाशी. कागदावर त्यांनी कितीतरी पूल काढले, ते बांधले दुसऱ्यांनी. स्वतःच्या हातानं उभी केलेली जगातली एकच वस्तू ती ही.

विषय काढला रश्मीनं, त्यांच्या मुलीनं. ती लेस्टरला हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट. जन्म इथला, मराठी वडिलांचं ऐकून शिकलेली, त्यामुळे ती स्वतःबद्दलही पुल्लिंगातच बोलायची आणि तिच्या लेखी घरातल्या सगळ्या वस्तू पुरुष होत्या.

“बाबा, हा फायरप्लेस पेंट करू या ना. इट्स सो डार्क! बँक हॉलिडेच्या शनिवारी मी येतो. टू कोट्स अँड डन.”

आता पद्माकरराव साफ नकार देणार म्हणून सुप्रभाताई वाट बघत राहिल्या. पद्माकररावांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, “तुझ्या आईला विचार. यात तिनं म्हणायचं ते खरं.”

“मी? अहो, मला काय, मला दोन्ही...”

“नो!” रश्मीनं हात वर केला. “चालेल नाही म्हणायचा. तुला काय आवडतो ते सांग.”

झालं. त्या दिवसापासून सुप्रभाताईंच्या जिवाला घोर लागला. नको म्हणावं, तर खोली अशीच अंधारी राहणार. हो म्हणावं, तर नवऱ्याच्या हातच्या एकुलत्या एका कामावर आपणच बोळा फिरवायचा, तोही तो तोंडानं काही बोलत नसताना. आणि या दोन्हींच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती फार बोचत होती. आपल्याला काय हवंय हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. त्या फायरप्लेससमोर उभ्या राहायच्या आणि मनाला विचारायच्या, बाई गं, तुला ही आवडते का? मन म्हणायचं, यांना आवडते. ते नाही विचारलं, तुला आवडते का? मन म्हणायचं, रश्मीला नाही आवडत. साठीच्या घरात आलेल्या बाईला आपल्याच मनाकडून एक सरळ उत्तर मिळू नये, याची त्यांना लाज वाटू लागली.

म्हणून त्या शेजारच्या मॉरीनला विचारायला गेल्या. मॉरीन जन्मानं इंग्लिश, मनानं उदार, आणि तिच्याकडेही विटांचीच फायरप्लेस. पांढऱ्या रंगाचं ऐकून तिनं भुवया उंचावल्या आणि म्हणाली, “ऊऽ, दॅट्स ब्रेव्ह!”

सुप्रभाताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपण धाडसी आहोत असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आता रंग द्यायचाच, असं ठरवून त्यांनी रश्मीला फोन लावला. तिकडून रश्मी खो खो हसली.

“आई, दे डोन्ट मीन इट! ब्रेव्ह म्हणजे डोन्ट डू इट. यू आर मॅड, असा.”

“मग तसं सरळ सांगायचं की नाही?”

“इंग्लिश लोक सांगत नाही आई. यू हॅव टु गेस.”

फोन ठेवल्यावर सुप्रभाताईंना भलतीच शंका आली. आपण पाठवलेल्या प्रत्येक भाजीला मॉरीन ‘इंटरेस्टिंग’ म्हणते. इतकी वर्षं आपण तिला कारल्याची भाजी पाठवतोय! फायरप्लेस राहिली बाजूला, त्या दिवशी त्यांचा निम्मा वेळ कारल्याच्या विचारात गेला.

मग त्या रंगाच्या दुकानात गेल्या. तिथे पांढरा रंग मागितला तर माणसानं एक भलंमोठं कार्ड पुढे केलं. पांढऱ्यात हस्तिदंती, पांढऱ्यात दुधाळ, एक अळंबीसारखा, एक चक्क दगडासारखा. यांना रंग ठरवायला लावणं म्हणजे आधीच बुडणाऱ्याला आणखी खोल पाणी दाखवणं. दुकानदार म्हणाला, “वीट आहे का? मग नीट विचार करा, लव्ह. वीट रंग पिते. एकदा लागला की लागला.”

लग्नाच्या वेळीसुद्धा इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं, असं सुप्रभाताईंच्या मनात आलं आणि त्या एकट्याच हसल्या. शेवटी त्यांनी नमुन्याची एक छोटी डबी घेतली. पद्माकरराव फिरायला गेले असताना, चोरी केल्यासारखं, अगदी खालच्या कोपऱ्यातली एक वीट रंगवून पाहिली. सकाळच्या उजेडात ती वीट काय गोड दिसली! सगळी भिंत अशी झाली तर खोलीत फुलं ठेवता येतील, निळे पडदे लावता येतील, असं कितीतरी त्यांना सुचलं. संध्याकाळी दिवे लागले आणि तीच वीट बसवलेल्या दातासारखी दिसायला लागली. मग त्या साबण, गरम पाणी आणि तो टूथब्रश घेऊन बसल्या. रंग निघाला नाही, नुसता पसरला. शेवटी त्यांनी पेपरचा स्टँड ओढून त्या विटेसमोर ठेवला.

दुसऱ्या दिवशी पद्माकरराव पेपर ठेवायला वाकले आणि जरा जास्तच वेळ वाकलेले राहिले. “स्टँड इथे बरा दिसतो,” एवढंच म्हणाले. ते चिडले की दुखावले, की त्यांना काही दिसलंच नाही, याचा सुप्रभाताईंना अंदाज येईना. सगळा दिवस त्यांनी नवऱ्याचा चेहरा वाचण्यात घालवला. चेहरा नेहमीचाच होता.

शनिवार उजाडला. बँक हॉलिडे म्हणजे सोमवारला जोडून आलेली सरकारी सुट्टी, आणि ती साधून रेल्वेची कामं निघालेली, त्यामुळे रश्मीचा फोन आला की ती वाटेत अडकलीय, बाबांनी तोवर तयारी करून ठेवावी. पद्माकररावांनी जुन्या चादरी अंथरल्या. गणपती आतल्या खोलीत नेऊन ठेवला. मग गुडघ्यांवर बसून ते विटांच्या कडेनं भिंतीला टेप चिकटवू लागले. एकेक पट्टी लावायची, अंगठ्यानं दाबायची, मान तिरकी करून सरळ आली का बघायचं. विटांवरून फिरणारा तो हात सुप्रभाताईंना बघवेना.

“अहो, राहू दे ते,” त्या एकदम म्हणाल्या. “नको तो रंग. तुम्ही इतक्या हौसेनं बांधलीत.”

“हौसेनं? मी?” पद्माकरराव वळले. “अगं, तुझ्यासाठी बांधली ना मी. मॉरीनची फायरप्लेस बघून तू म्हणाली होतीस, व्हेरी नाइस.”

“अहो, मॉरीनच्या सोफ्यावर बसून मॉरीनच्या फायरप्लेसला दुसरं काय म्हणणार होते?”

पद्माकरराव बघतच राहिले. मग म्हणाले, “मला ती पहिल्या दिवसापासून आवडलेली नाही. ही डावी बाजू बघ. खाली गेलीय. टीव्हीवर कुणी गावो, कुणी खेळो, मला आपली ती तिरकी रेघ दिसते.”

“मग कधी बोलला नाहीत ते?”

“तू टूथब्रशनं घासत बसायचीस. मला वाटलं, जीव आहे तुझा तिच्यावर.”

आणि दोघंही हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. एकालाही नको असलेलं ते धूड दोघांनी एकमेकांसाठी रश्मीच्या अख्ख्या लहानपणभर सांभाळलं होतं. सुप्रभाताई चादरीवरच बसल्या, पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. आता काही प्रश्नच उरला नव्हता. रंग द्यायचा, निळे पडदे आणायचे, संपलं.

पण पद्माकररावांचं हसू मध्येच थांबलं. हातातली टेपची गुंडाळी ते उगाचच फिरवत राहिले.

“सुप्रभा,” ते म्हणाले, “रश्मी शाळेत जायच्या आधी मी तुला विचारलं होतं. परत जायचं का म्हणून. पुण्याची ती नोकरी जवळजवळ ठरली होती. तू म्हणालीस, इथेही चालेल.”

सुप्रभाताई चादरीच्या सुरकुत्या सरळ करू लागल्या.

“ते तरी खरं होतं का?”

“तुम्हाला काय वाटत...”

“माझं नको. तुझं सांग.”

इतक्या वर्षांत त्यांनी असं अडवून कधी विचारलं नव्हतं. सुप्रभाताईंना वाटलं, उठावं, चहा टाकावा. पण त्या उठल्या नाहीत. त्यांना तो काळ आठवला. तांदूळ धुताना, कपडे वाळत घालताना, रश्मीची वेणी घालताना त्या एकच वाक्य मनातल्या मनात घोळवत असायच्या. कुठून सुरुवात करायची, आवाज चढवायचा नाही, रडायचं तर मुळीच नाही, सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

“मला परत जायचं होतं,” त्या म्हणाल्या.

ते इतक्या सहज तोंडातून निघालं की त्यांचा त्यांनाच धक्का बसला.

“मग बोलली का नाहीस?”

“बोलणार होते हो. त्या रविवारी बोलणारच होते. पण तुम्ही विटा घेऊन आलात.”

पद्माकरराव हळूच खाली बसले. “मी विटा आणल्या,” ते म्हणाले, “कारण तू म्हणालीस...”

सुप्रभाताईंना राग आला. खूप राग आला, पण तो कुणाचा, हेच त्यांना कळेना. नवऱ्याचा म्हणावा, तर तो समोर लहान मुलासारखा हताश बसलेला. स्वतःचा म्हणावा, तर त्या वेळच्या त्या तरुण, भेदरलेल्या बाईवर रागवायला जीव धजेना. आणि तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

“सॉरी, सॉरी, सॉरी!” रश्मी दोन्ही हातांत रंगाचे डबे घेऊन आत आली. केस विस्कटलेले, गाल लाल, रेल्वेला शिव्या चालू. “नाइटमेअर होता ट्रेनचा! बाबा, टेप मस्त लावला. सो? आई, डिसाइड केला?”

सुप्रभाताई तिच्याकडे बघत राहिल्या. त्या रविवारी त्या बोलल्या असत्या तर आज दारातून एक वेगळीच रश्मी आत आली असती, पुण्यात वाढलेली, शुद्ध मराठी बोलणारी. ती मुलगी त्यांना नको होती. हीच हवी होती, हीच, सगळ्या चुकांसकट. आयुष्यात कुठल्याच गोष्टीची त्यांना इतकी खात्री वाटली नव्हती. मग परत जायचं होतं ते खोटं म्हणायचं का? तेही खोटं नव्हतं. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही एकाच मनात कसं मावायचं हे त्यांना समजत नव्हतं.

“आई? काय झाला? बाबा, तुम्ही दोघं रडतो का?”

पद्माकररावांनी सवयीनं चेहरा पुसला आणि काहीतरी सांगून वेळ मारून नेण्यासाठी तोंड उघडलं. सुप्रभाताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“रश्मी, ते डबे ठेव खाली,” त्या म्हणाल्या. “आणि बस इथे आमच्याजवळ. रंगाचं नंतर बघू. मला आधी तुम्हा दोघांना काहीतरी सांगायचंय. नीट जमेल की नाही माहीत नाही, पण मध्ये कुणी बोलू नका.”