छोट्या राणीचा नकार

वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावरच्या गर्दीत माझी सून केतकी एकटी उभी दिसली. "बाबा, फॉलमध्ये पानं रंगतात तेव्हा या, नुसती झाडं बघायला या," असं सुहास दर वर्षी फोनवर म्हणायचा. मी दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकललं. शेवटी आलो तो माझा मुलगा अपघातात जाऊन तीन महिने झाल्यावर, त्याच्या बायकोला नागपूरला घेऊन जायला.

ती त्याच्या व्हिसावर इथे होती, त्यामुळे आता राहणं कठीण होतं. शिवाय मी आणखी एक बेत घेऊन आलो होतो. धाकट्या मुलाशी, मंदारशी तिचं लग्न लावायचं, असं आम्ही नवराबायकोनं ठरवलं होतं. हे तिच्याशी बोलायचं काम माझ्याकडे होतं.

हर्नडन गावातलं त्यांचं टाउनहाउस (एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांपैकी एक) टापटीप होतं. मी दोन दिवस झाडं बघितली. लाल, पिवळी, शेंदरी. खरं सांगतो, बघवत नव्हती. विषय काढायला तोंड उघडायचो आणि चहा मागायचो.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, वॉशिंग्टनला जुन्या हस्तलिखितांचं एक्झिबिशन आहे. तुमचा तो हेन्री पण आहे त्यात. जाऊ या, मी ड्राइव्ह करते."

माझा हेन्री म्हणजे इंग्लंडचा चौथा हेन्री. चुलतभावाला, दुसऱ्या रिचर्डला, कैदेत टाकून यानं गादी बळकावली. कॉलेजात तीस वर्षं मी तो शिकवला आणि मुलं पेंगली.

वाटेत हायवेवरून उतरायचा एक्झिट तिचा चुकला आणि आम्ही नदीवरून उगाच दोनदा इकडून तिकडे झालो. "सॉरी बाबा, हायवेवर नेहमी सुहासच चालवायचा," ती म्हणाली आणि रडू लागली. मीही खिडकीबाहेर बघत रडून घेतलं.

प्रदर्शनाच्या दाराशी एक म्हातारा पहारेकरी होता. "मुलीबरोबर आलात?" त्यानं विचारलं.

"सून आहे," मी म्हणालो.

"मग मुलगा पार्किंग शोधत असेल!" तो हसला. आम्ही आत गेलो.

एका चित्रात काळ्या कपड्यांतली लहान मुलगी होती. माझ्यातला मास्तर जागा झाला. "ही रिचर्डची राणी. फ्रान्सच्या राजाची मुलगी. रिचर्ड कैदेत मेला तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. फ्रान्स हेन्रीला राजा मानेना, तिकडे वेल्स बंड करून उठलं. पुढे तर ज्या सरदारांनी गादीवर बसवलं, तेच उलटले. फ्रान्सशी सोयरीक तरी टिकावी म्हणून हेन्रीनं ठरवलं, की हिचं..."

मी थांबलो.

"हिचं काय, बाबा?"

"आपल्या मुलाशी लग्न लावायचं."

"आणि ती?"

"नाही म्हणाली. शोकाचे कपडे उतरवेना. शेवटी त्याला तिला माहेरी पाठवावं लागलं."

केतकीनं वाकून त्या मुलीचे काळे कपडे बघितले. मग म्हणाली, "आईंनी फोनवर मंदारभाऊजींचं सांगितलंय मला. मी तुमच्या बोलण्याची वाट बघत होते. बाबा, माझ्याच्यानं नाही होणार. इथे मास्टर्सला ॲडमिशन मिळालीय, स्टुडंट व्हिसासाठी अप्लाय केलंय. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही."

हेन्रीला निदान राज्य सांभाळायचं होतं. मला काय सांभाळायचं होतं? "शीक," एवढंच मी म्हणालो. खालच्या कॅफेत आम्ही टोमॅटोचं सूप घेतलं. ते फार आंबट होतं, तरी दोघांनी संपवलं.

दहा दिवसांनी नागपूरला एकटाच उतरलो. घरी ही, सुहासची आई, दारात उभी होती. माझ्यामागे कुणी नाही हे तिनं पाहिलं. वाटभर मी केतकीची बाजू मनात घोळवत आलो होतो, पण हिनं काही विचारलंच नाही. पायरीवर बसली आणि म्हणाली, "म्हणजे सुहास गेलाच."

मी तिच्या शेजारी बसलो आणि "हो" म्हणालो. इतक्या महिन्यांत आम्ही दोघांनी हे एकमेकांना सांगितलं नव्हतं.