हरणीच्या मागून

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात शाळेची बस लोर्ना वेट्झेल चालवायची. एका शरदात गाडीवर हरीण आदळून तिच्या नवऱ्याचा पाय मोडला. तेव्हापासून ऑक्टोबर सरत आला की तिची नजर रस्त्याकडेच्या झाडांवर असायची. यंदा तिचा धाकटा दीर ड्वेन ड्रायव्हर म्हणून नवीन लागला होता आणि तिच्या शेजारी बसून रस्ता शिकत होता.

"ते कोवळं झाड बघ. नरानं शिंगं घासून साल सोललीय," लोर्ना म्हणाली. "फांदीखालची मातीही ताजी उकरलीय. यंदा नर लवकर माजात आलेत."

"वहिनी, बस चालवताय की शिकारीला निघालाय?"

तेवढ्यात वळणावर एक हरणी धावत रस्ता ओलांडून मक्यात शिरली. लोर्नानं बस थांबवली ती हलवेचना. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला.

"अहो, गेली की ती! चला ना आता."

"ती मागं वळून बघत होती. थांब जरा."

ड्वेन पुन्हा काही बोलणार, तोच झुडपातून एक थोराड नर सुसाट आला. मान फुगलेली, हरणीचा माग हुंगत नाक जमिनीला. त्याला बसही दिसत नव्हती. बंपरच्या अगदी पुढून तो पलीकडे गेला.

बसमधली मुलं आनंदानं ओरडत होती. कुणाला खरचटलंही नव्हतं. लोर्नानं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि रोखलेला श्वास सोडला.

"निघू आता?" तिनं विचारलं.

"बसू की थोडं, वहिनी," ड्वेन कसाबसा म्हणाला. "घाई कोणाला आहे?"

लोर्नाला हसू आवरेना.