मावशीनं सरकवलेली हनुवटी

आमच्या घराण्यात हनुवटी नावाचा प्रकार नाही. ओठ संपला की थेट गळा सुरू होतो. आजोबांचं तसंच होतं, बाबांचं तसंच, माझंही तसंच. आता आमच्याकडे कोणाला विनवायचं असलं की त्याची हनुवटी धरतात आणि म्हणतात, "तुह्या दाढीले हात लावतो बापा." बाबा तुमसरच्या एका राइस मिलमध्ये आलेलं धान पास-नापास करायचे, त्यामुळे विनवणाऱ्यांची काही कमी नव्हती. पण हनुवटी धरायला पुढे झालेला हात जागा न सापडून गळ्यावर जायचा. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, शेतकऱ्यानं शेवटी म्हाताऱ्याचा गळा धरलाच.

बाबांनंतर त्याच मिलमध्ये त्याच कामाला मी लागलो. काम काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच आहे. पोत्यात परखी खुपसायची. परखी म्हणजे लोखंडाची टोकदार पन्हाळी. तिच्यातून मूठभर धान तळहातावर येतं. चार दाणे अंगठ्यानं रगडून सोलायचे, आतला तांदूळ पुढच्या दातांत धरायचा आणि चावायचा. वाळलेला दाणा कट्कन तुटतो. ओला दाणा दबतो, आणि खालच्या ओठाला किंचित गार लागतो. हे गार लागणं म्हणजेच सगळी विद्या. बाबा डाव्या बाजूच्या दातांनी चावायचे, म्हणून मीही डावीकडूनच चावतो. शेठजींकडे ओल मोजायचं मशीन आहे, कागदावर त्याचाच आकडा जातो. पण मशीन पाहून झालं की शेठजी माझ्या तोंडाकडे पाहायचे. माझ्या तोंडाकडे पाहण्यासारखी एवढी एकच गोष्ट होती.

सुखाचा जीव होता. मग मला सुंदर व्हायची अवदसा आठवली.

निमित्त झालं साळ्याच्या लग्नाच्या अल्बमचं. एका फोटोत मी बाजूनं उभा. फेटा झकास, नाक बरं, मिशी चांगली, आणि खाली काहीच नाही. जणू फोटोवाल्यानं शाई वाचवायला तेवढा भाग छापलाच नव्हता. साळ्यानं तोच फोटो नेमका आपल्या स्टेटसवर ठेवला. दिवसभर मी तो उघडून उघडून पाहत बसलो. इतक्या वर्षांत हा चेहरा घेऊन मी बाजारात उजळ माथ्यानं फिरलो कसा, याचंच मला नवल वाटायला लागलं.

बायको म्हणाली, "लगनाच्या वक्ती तरी कुठं होती तुमची हनुवटी? मी काई वापस गेली का?"

बायकोचं ऐकलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. मी तुमसर रोड स्टेशनवरून गाडी धरली आणि नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरनं माझा चेहरा कॉम्प्युटरवर घेतला, बोटानं खाली एक रेघ ओढली, आणि पडद्यावर एक मर्द माणूस उभा राहिला. हनुवटी अशी की तिच्यावर पोतं ठेवावं. "सर, सिलिकॉनचा छोटा तुकडा आहे. तोंडाच्या आतून बसवतो, बाहेर डागसुद्धा दिसणार नाही." मी विचारलं, दुखणार नाही ना? खालच्या ओठाला पोचणारी नस कुठून जाते, हे विचारायचं मला सुचलं नाही. परखी मारल्याशिवाय मी कोणाचं पोतं घेत नाही, आणि स्वतःच्या जबड्याचा सौदा नुसता फोटो पाहून केला. इंग्रजी कागदावर सही केली. त्या कागदात नस होती म्हणे, चौथ्या ओळीत.

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं, धानाचा हंगाम नसताना. शुद्धीवर आलो तेव्हा खालचा ओठ आणि हनुवटी लाकडाची झालेली. "सूज आहे सर, येईल संवेदना." आणि एक सूचना दिली, की सहा आठवडे हनुवटीला कोणी हात लावायचा नाही. मी मान हलवली. कोण लावणार होतं हात? एवढ्या वर्षांत कोणाला तिथं काही सापडलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात कोंढ्याला मावशीच्या घरी जेवण होतं. मावशी माझ्या आईची मोठी बहीण. प्रेम तिच्या हातात आहे आणि हात उखळावर घडलेले आहेत. दोन वेळा वाढून झालं, तिसऱ्यांदा मी ताटावर हात आडवा धरला. मावशीनं पाहिलं, की भाच्याच्या तोंडाला यंदा चांगला दांडा फुटलाय. तिनं तो गच्च धरला.

"एक पोळी घे बाप्पा, तुह्या दाढीले हात लावतो, एक घे!" आणि प्रत्येक 'घे'ला एक हिसका.

आत काहीतरी सरकलं. दुखलं नाही, कारण दुखायला तिथं काही शिल्लकच नव्हतं. मी पोळी घेतली. घरी येऊन आरशात पाहिलं तर मर्दपणा डावीकडे गेला होता.

डॉक्टरनं विचारलं, "काही मार लागला होता का सर?" मी काय सांगणार, मावशी लागली? म्हटलं, हो, थोडासा. त्यानं फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, थोडं थांबून पाहू.

थांबलो. थांबण्यातही गमती होत्या. चहा पिताना अर्धा कप शर्टावर. जेवताना हनुवटीवर भाताचं शीत चिकटलेलं असायचं आणि मला पत्ता नसायचा. बायको समोरून बोटानं खुणा करायची, मी ऐटीत चुकीच्या बाजूला पुसायचो. हसलो की डावीकडे सुपारीएवढा गोळा वर यायचा. मिलमधला सगळ्यात जुना हमाल एक दिवस माझ्यापुढे उभा राहून बराच वेळ निरखत होता. मग बोलला, "भाऊ, सामान चांगलं हाय, पण ट्रकात तिरपं भरलं ना बे कोणीतरी." सगळे हमाल हसले. मीही हसलो. गोळा वर आला, ते आणखी हसले.

एप्रिलपर्यंत उजवी बाजू जागी झाली. डावी नाही. आणि माझी विद्या डावीकडे.

जूनमध्ये उन्हाळी धान आलं. मी नेहमीसारखं चावत होतो, डावीकडून, सवयीनं. दाणा तुटायचा, आवाज यायचा, पण गार की कोरडं, काही कळायचं नाही. कोणाला सांगायची लाज वाटली. सांगणार काय, की थोबाड सुधारायला गेलो आणि जीभ सोडून सगळं गहाण ठेवून आलो? मशीननं एका मालाला ओल जास्त दाखवली. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छातीठोकपणे सांगितलं, "वाळला हाय शेठजी, मशीनचं काय ऐकता?" आठ दिवसांनी गोदामात त्या थप्पीच्या पोत्यात हात घातला तर धान भाकरीसारखं गरम. आतला दाणा पिवळा पडलेला.

शेठजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुझे बाबा होते तोवर मी मशीन घेतलं नव्हतं." आणि मग म्हणाले, "दिवाळीनंतरचा हंगाम पाहू. नाही जमलं तर गेटवर बस, गाड्यांचे नंबर लिही." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बाबांकडून मला घर नाही, शेत नाही. हा एक ओठ मिळाला होता, आणि तो मी फोटोसाठी दिला. स्वतःच्या मूर्खपणाचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता.

दिवाळी झाल्यावर पुन्हा नागपूर. डॉक्टर म्हणाला, रिव्हिजन करू. जुना तुकडा काढू, थोडा मोठा बसवू आणि या वेळी स्क्रूनं घट्ट करू. म्हणजे मावश्यांपासून सुरक्षित. नुसता काढून टाकला तर? "तर सर, वाढलेली कातडी थोडी लोंबू शकते." वा! आधी हनुवटी नव्हती, आता पिशवी येणार. आणि नस? या वेळी मी पहिलाच प्रश्न तो विचारला. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. दबली असेल तर सुटेलही. पण त्याच जागी पुन्हा चिरायचं, तर उजवीकडची आलेली संवेदनाही जाऊ शकते. "डावी तर तशीही आता येणं कठीण आहे सर. नऊ महिने झालेत. निदान दिसायला तर सरळ दिसेल." सरळ आणि मुका, की वाकडा आणि अर्धा जिवंत, असा तो सौदा. सोमवारची तारीख घेऊन मी परत आलो.

सासुरवाडीला आसगावला मत विचारलं, तर सासरे म्हणाले, "पुरुषाच्या तोंडाले कोण पायते जी? धान पायते." साळा म्हणाला, "कराच जीजाजी, मस्त दिसाल." स्टेटस ठेवणाऱ्याचं मत मी तिथंच सोडून दिलं. बायको एवढंच म्हणाली, "तुमाले फोटोत राहायचं का मिलमधी, ते ठरवा."

ठरवलं होतं मी. अर्धवट उजव्या ओठानं या हंगामात माझा अंदाजच चालू होता, खात्री एकाही पोत्याची नव्हती. डोकं म्हणत होतं, विद्या तशीही गेली, निदान तोंड तरी वाचव. सोमवारसाठी पिशवी भरून तयार होती.

शनिवारी सकाळी बावनथडीकडच्या एका गावाहून एक म्हातारी ट्रॅक्टरमध्ये धान घेऊन आली. एकटीच, सोबत फक्त ट्रॅक्टरवाला, तोही घाईत. मशीननं ओल जास्त दाखवली. म्हातारी मशीनकडे पाहीचना. तिनं मिलमध्ये विचारून घेतलं होतं, की इथं तोंडानं पाहणारा कोण. सरळ माझ्यापुढे आली. हात धानात घातलेले, कोपरापर्यंत कूस लागलेली, म्हणजे धानावरची ती बारीक खाजरी धूळ. आणि तिनं माझी हनुवटी धरली.

"बापा, तुह्या दाढीले हात लावतो. वापस नेऊ नको लावू. म्हण ना वाळला हाय म्हून."

म्हटलं, आता ही पण सरकवते की काय. मी तिचा हात हळूच काढला, परखीतले दाणे रगडले, एक दातात धरला. आणि हनुवटीला खाज सुटली.

आधी लक्षात आलं नाही. खाज ही काय लक्षात घ्यायची गोष्ट आहे? नखानं खाजवायला गेलो आणि हात तिथंच थांबला. डावीकडे खाजत होतं. जिथं भाताचं शीत कळत नव्हतं तिथं त्या म्हातारीच्या बोटांची कूस चावत होती. मी दाणा डाव्या दातांखाली सरकवला आणि चावला. दबला. ओठाला गार लागलं. फार नाही, एवढंसं. पण गार लागलं. मी दुसरा दाणा चावला, तिसरा, पाचवा. प्रत्येक गार.

"ओला हाय माय," मी म्हणालो. "ओलाच हाय!" आणि मला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू, डावीकडे तो सुपारीचा गोळा. शेठजी गादीवरून उठून पाहायला लागले.

म्हातारीचा संताप साहजिक होता. "माहं धान ओलं निंगालं अन् तू हासून कायले राहिला बे, वाकड्या तोंडाच्या?"

नऊ महिने लोक माझ्या मागे जे बोलत होते ते तिनं तोंडावर सांगितलं, आणि मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडलोही. तिला वाटलं असावं, याचं डोकंही सरकलंय. मी शेठजींना म्हटलं, हिचा माल परत पाठवायचा नाही, आपल्याच अंगणात पसरू, दोन उन्हं खाऊ द्या, मी स्वतः परत पाहतो. शेठजींनी मशीनचा आकडा पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. जूननंतर पहिल्यांदा. "पसरव," ते म्हणाले. म्हातारी दोन दिवस नात्यातल्या कोणाकडे तुमसरातच राहिली आणि रोज येऊन पायानं धान फिरवत माझ्यावर नजर ठेवून होती.

सोमवारी सकाळी मी तिचं धान चावत उभा असताना नागपूरहून फोन आला. गोड आवाजाची मुलगी होती. "सर, निघालात ना? उपाशीपोटी यायचंय."

मी म्हटलं, "पोटात धान गेलंय."

"मग पुढची तारीख देऊ का सर?"

दाणा कट्कन तुटला. कोरडा. हनुवटी अजून खाजत होती. डावीकडची, वाकडी, माझी. ती खाजवत खाजवतच मी नको म्हणालो.