रुचाच्या बाबांना स्पष्ट सांगा

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या मराठी मंडळात त्र्यंबकरावांना कुणी "लेक काय करते, काका?" असं विचारलं, की त्याची संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. रुचा जर्मनीत डॉक्टरकी शिकली, तिथलीच झाली आणि लष्करात डॉक्टर म्हणून लागली. तेही साध्यासुध्या पलटणीत नाही. फ्रान्स आणि जर्मनी या दोन शेजाऱ्यांनी मिळून एक ब्रिगेड उभी केली आहे, त्यात.

"म्हणजे नाटो का?"

"नाटो नाही रे, या दोघांचीच. पिढ्यानपिढ्या एकमेकांचे गळे धरले आणि आता एकाच मेसमध्ये जेवतात. आमची रुचा दोघांनाही इंजेक्शनं देते, यार!" एवढं बोलून ते स्वतःच हसत. निवृत्त इंजिनिअर माणूस, पण कौतुकाचं हे मशीन बंद कुठून करायचं हे त्यांना कधी कळलं नाही.

ब्रिगेडच्या दवाखान्यात रुचाची जोडीदार फ्रेंच होती, कॅप्टन क्लेअर मोरो. दोघींनी एक ठरवून ठेवलं होतं. ब्रिगेड एक असली तरी वाईट बातमी घरी कळवायची पद्धत ज्या त्या देशाची, आणि अमेरिकेतल्या आईबापांपर्यंत ती पोचायला उशीर व्हायचा. म्हणून एकीला काही झालं तर दुसरीने तिच्या घरी लगेच फोन करायचा. त्यावर रुचाने आपली एक अट घातली होती: माझ्या बाबांना स्पष्ट सांगायचं, काही लपवायचं नाही.

त्या अटीचं मूळ नागपुरात होतं. त्र्यंबकराव तरुणपणी मिनेसोटात नवे असताना थोरल्या भावाचा फोन आला होता, "बाबांना जरा बरं नाही, येऊन जा." हे वडिलांसाठी स्वेटर आणि रक्तदाब मोजायचं मशीन घेऊन पोचले, तर समोर फोटोला हार. फोन आला तेव्हाच वडील गेले होते. एवढ्या लांबच्या प्रवासात पोराचा धीर सुटू नये म्हणून दादाने आपल्याकडे सांगतात तसं सांगितलं. त्र्यंबकरावांनी ती माया कधी माफ केली नाही. जेवणाच्या टेबलावर ही गोष्ट हमखास निघे, आणि छोटी रुचा म्हणे, "दॅट्स सो मीन, बाबा. आय विल ऑल्वेज टेल यू."

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी ते गॅरेजमध्ये बर्फ काढायचं फावडं शोधत होते तेव्हा क्लेअरचा फोन आला. ती इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून बोलली. सरावाहून परतताना डोंगरातल्या रस्त्यावर गाडी घसरली. रुचाच्या डोक्याला मार लागलाय. ऑपरेशन चालू आहे. ती वाचेलच असं मी म्हणू शकत नाही. ताबडतोब निघा.

जन्मभर मागितलेलं खरं त्यांना मिळालं होतं, आणि ते त्यांना पेलवेना. फावड्याच्या दांड्याला धरून ते तसेच उभे राहिले.

आत त्यांच्या पत्नी लतिकाबाई चकल्या तळत होत्या. त्र्यंबकराव जसंच्या तसं सांगायचं ठरवूनच दारात आले. तोंड उघडलं, आणि दादाच बोलल्यासारखं बाहेर पडलं, "अगं, रुचाला जरा लागलंय. आपण जाऊन येऊ."

लतिकाबाईंनी हातातला झारा खाली ठेवला आणि गॅस बंद केला.

"कधी गेली?"

"गेली नाही गं. ऑपरेशन चालू आहे."

"नागपूरलाही असंच म्हणाले होते."

त्र्यंबकरावांनी मग सगळं सांगितलं, गाडी, डोकं, क्लेअरचा शब्द न् शब्द. पण एकदा ते 'जरा' तोंडातून गेल्यावर पुढच्या कशालाच किंमत उरली नव्हती. शपथ घेतली, देवावर हात ठेवला. लतिकाबाई बॅग भरत होत्या. त्यात त्यांनी रुचाची मोतिया रंगाची साडी घातली, तिला आवडायची ती. ती कशासाठी, हे विचारायची त्र्यंबकरावांची छाती झाली नाही. आपली लेक जिवंत आहे हे ठाऊक असूनही त्या बॅगेकडे बघून ते मनातून पार खचले.

विमानात बसल्यावर, दार लागायच्या आधी, क्लेअरचा पुन्हा फोन आला. त्र्यंबकरावांचा हात पुढे जाण्याआधी लतिकाबाईंनी फोन उचलला.

"मी रुचाची आई," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "माझा यांच्यावर विश्वास नाही. तुम्ही सांगा. माझी मुलगी जिवंत आहे?"

"या क्षणी, हो," क्लेअर म्हणाली. "ऑपरेशन संपलंय, पण ती शुद्धीवर नाही. तुम्ही उतराल तेव्हाचं मला सांगता येणार नाही."

लतिकाबाईंना दिवसभरात पहिल्यांदा रडू फुटलं. गेलेल्या मुलीसाठी त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ती होती, आणि अख्खा समुद्र ओलांडेपर्यंत राहील की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं.

हवाई सुंदरी फोन बंद करायला सांगून गेली. लतिकाबाईंनी फोन बंद केला, पर्समध्ये टाकला आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. त्र्यंबकरावांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो झिडकारला नाही.

"उतरल्यावर फोन मी लावणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला काही सांगू नका."