पन्नास झाले की या

दाजी गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मीच सगळ्यांना दिली, दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून, एकेकाला फोन लावून. आवाज खणखणीत लागला होता म्हणे. लागणारच. लग्न, बारसं, साखरपुडा, कुठंही माईक धरून माणसं हसवणं हाच माझा धंदा. दाजींना जाऊन आता सव्वा महिना झाला. अजून कुणी ना कुणी भेटायला येतं, चहा घेतं आणि जाताना हमखास म्हणतं, "काम करता करता गेले, भाग्यवान माणूस!" असं म्हणणाऱ्याच्या हातातली कपबशी काढून घ्यावी असं मला वाटतं. भाग्यवान? ज्या कामापायी ते गेले ते काम मला ठाऊक आहे, कारण जॅकवर चढवलेली गाडी माझी होती.

दाजी म्हणजे नामदेवराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. घरची शेती धाकट्या भावाकडं सोपवून ते वाळूजच्या कंपनीत लागले, बजाजनगरला एका खोलीत संसार मांडला, आणि पुढं नोकरी सोडून हर्सूलच्या रस्त्यावर टायरचं दुकान टाकलं. शेजारी रफीकभाईंचं रेडिएटरचं दुकान. दाजींचा खास जीव मात्र एकाच कामात. टायर एकसारखे झिजावेत म्हणून चाकांच्या जागा बदलायच्या, पुढची मागं, मागची पुढं. पंक्चर कुणीही काढतं, असं त्यांचं म्हणणं. "पाव्हणं, पंक्चर म्हंजे ताप आल्यावर गोळी देणं. आमचं हे म्हंजे माणूस आजारीच पडू नये म्हणून बघणं." स्वतःच्या तब्येतीच्या बाबतीत या माणसानं गोळीही घेतली नाही आणि बघितलंही नाही. हे वाक्य आठवलं की मला आजही मूठ आवळावीशी वाटते.

पंचेचाळिशी उलटल्यावर मी एक लाल, जमिनीलगत बसणारी, वेगवान गाडी घेतली. सेकंडहँड, पण रुबाब असा की लग्नाच्या मांडवासमोर उतरलो की नवरदेवाकडं कुणी बघायचं नाही. तिचे टायर रुंद आणि एकाच दिशेनं फिरणारे. कडेला बाण कोरलेला असतो, चाक त्या बाणाच्याच दिशेनं फिरलं पाहिजे. म्हणून अशा टायरांची अदलाबदल फक्त एकाच बाजूला, पुढचा मागं आणि मागचा पुढं. डावा उजवीकडं गेला की बाण उलटा. हे मला काय ठाऊक? एकदा घाईत मी दुसरीकडं चाकं बदलून घेतली, तिथल्या माणसानं ती चक्क तिरकी फिरवली. आठवड्यानं दाजींच्या दुकानाकडं वळतोय तोच, गाडी अजून दिसलीही नसेल, हे रस्त्याच्या मध्ये येऊन उभे. दोन्ही हात वर!

"पाव्हणं, गाडी उलटी चालवत आणली व्हय?"

"दाजी, सरळच आणलीय की."

"तुम्ही सरळ आला. टायर उलटे आलेत. आवाज ऐका ना तिचा, रडतीय बिचारी."

पाऊस पडला असता तर रस्त्यावरून घसरला असता, असं सांगून त्यांनी किल्लीच काढून घेतली. चारही चाकं बाणाप्रमाणं लावली तेव्हा परत दिली. आणि चाकं लावताना ते टायरवरून असा तळवा फिरवायचे, जसा एखादा ज्योतिषी दुसऱ्याच्या हातावरून फिरवतो. एक दिवस पुढच्या उजव्या टायरची बाहेरची कड चाचपून त्यांनी अक्कासमोरच विचारलं, "काल कुठं होता म्हणालात?" मी म्हणालो, बजाजनगरला, कार्यक्रम होता. "बजाजनगरचा रस्ता सरळ. हे घासणं सरळ रस्त्याचं नाय. ही कड दौलताबादच्या पुढच्या घाटात खाल्लीय, ब्रेक न मारता." अक्कानं माझ्याकडं असं पाहिलं की मी चाळीस वर्षांनी लहान झालो. माझ्या बायकोनंही माझं खोटं इतक्या लवकर कधी पकडलं नव्हतं.

हाच किस्सा मी दहाव्याच्या दिवशी सांगितला. नातेवाईक म्हणाले, तू बोल, तुला सवय आहे. मी बोललो. हावभाव केले, दाजींचा आवाज काढला, माणसं डोळे पुसता पुसता हसली. आणि शेवटच्या दिवसाचं एक अक्षरही मी बोललो नाही… ते आज इथं लिहितो आहे.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी दुकानात गेलो. संध्याकाळी कार्यक्रम होता, त्याआधी चाकांची अदलाबदल करून हवी होती. दाजींनी गाडी उचलली, एका बाजूची दोन चाकं उतरवली, आणि मग डावा हात झटकत म्हणाले, "आज हात लई भरून आलाय." दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं बसलेली. मला प्रेक्षक दिसले की माझ्या अंगात येतं. मी हात पसरून जाहीर केलं, "मंडळी, आमच्या दाजींची पुढची बाजू झिजली! आता यांनाच उचला आणि पुढचं मागं करा!" दुकान हसलं. दाजीही हसले. रफीकभाई तेवढे हसले नाहीत. ते पुढं येऊन म्हणाले, "नामूभाई, पसीना देखो तुमारा. छोडो, बैठो जरा." दाजी म्हणाले, "गाडी जॅकवर हाय, भाई. चार चाकं भुईला टेकू द्या, मग बसतो." मी म्हणालो, "रफीकभाई, कामचुकारांना पाठीशी घालू नका." पुन्हा हशा. मग मी एक किस्सा काढला. लांबलचक. सांगताना माझी पाठ दाजींकडं होती.

मागं पाना वाजत राहिला. तो पाना त्यांचा लाडका. नट हवा तितका आवळला गेला की तो टक् असा आवाज करतो. एका चाकाला पाच, चार चाकांचे वीस नट. किस्सा संपला तेव्हा गाडी खाली होती आणि दाजींनी समोरच्या काचेला आतून चिठ्ठीही लावली होती. चाकं बदलली की पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे, हा त्यांचा नियम. चिठ्ठीवर किलोमीटरचा आकडा लिहायचे आणि खाली, पन्नास झाले की या. एवढं करून ते टायरांच्या चळतीवर बसले, आणि बसले ते एका अंगाला कलंडलेच. त्याच लाल गाडीत घालून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. अर्धा तास! चार चाकं आणि एक किस्सा, बरोबर तेवढाच वेळ.

तेव्हापासून गाडी झाकून ठेवली होती. गेल्या रविवारी अक्का घरी आली, कापड ओढून काढलं, काचेतून चिठ्ठी वाचली, मीटर बघितलं. "तीस राहिलेत की. जा, पुरे करून ये. मी दुकान उघडते."

मी दौलताबादपर्यंत जाऊन आलो. वळणावर ब्रेक मारले. परत आलो तर शटर वर गेलेलं, रफीकभाई बाहेर उभे, आणि अक्काच्या हातात तो पाना. मी पहिल्या चाकापाशी बसलो, पण हात चालेना. तोंड मात्र चाललं, आणि या खेपेला किस्सा नव्हता. "अक्का, ते मला म्हणाले होते गं, हात भरून आलाय म्हणून. आणि मी लोकांना हसवत बसलो."

 अक्का म्हणाली, "रफीकभाईनं दहाव्यालाच सांगितलंय मला. तू कवा सांगतो, तेवढंच बघत होते." तिनं पाना माझ्या हातात दाबला. "आवळ."

मी पाना पहिल्या नटाला लावला. नट हलायच्या आतच, टक्. दुसरा, टक्. एक चाक झालं, दुसरं झालं. तिसऱ्या चाकाला मी मुद्दाम जोर लावला, एखादा तरी हलेल म्हणून. हलला नाही. तिसरं-चौथं चाक म्हणजे शेवटची वेळ, तोवर त्यांच्या डाव्या हातात काय उरलं असेल… अक्का शेजारी उभी राहून मोजत होती. वीस म्हणून ती थांबली. तिनं पाना घेतला, पुसला, त्याच्या खिळ्याला टांगला.

मी तिथंच रागानं भुईवर बसून राहिलो. विसातला एकही सैल नाही. एखादा तरी ठेवायचा होता, दाजी. हातातला पाना टाकून, तसेच उठून, बसायचं होतं. पन्नास झाल्यावर मी येणारच होतो ना.