वेलांटीच्या सुजाताताई

सुजाताताईंच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी गिरगावात एका दुकानासमोर कुकरची रिंग बदलून घेत होतो. नेहमीच्या सवयीनं म्हणालो, "बोला ताई, आज कोणाची तक्रार?"  पलीकडून त्यांच्या मुलीचा, मैत्रेयीचा आवाज आला. "प्रसाददादा, मी बोलतेय. आई गेली... सकाळी, चहा घेता घेता." दुकानदार झाकण माझ्यापुढे धरून उभा, आणि मी ते हातात घ्यायचं विसरून तसाच. या गोष्टीला आता सव्वा महिना झाला. माझं ते पहिलं वाक्य आठवलं की अजून ओशाळायला होतं. पण मैत्रेयी नंतर मला म्हणाली, "दादा, त्या अख्ख्या दिवसात मला एकदाच हसू आलं, ते तुमच्या त्या वाक्यामुळे." मुलगी आईच्या वळणावर गेली आहे.

सुजाताताई कासारे मला भेटल्या त्या 'वेलांटी'मुळे. वेलांटी म्हणजे मराठीतल्या लेखनाच्या चुका दाखवणारं एक सॉफ्टवेअर. ते मी आणि माहीमचा माझा मित्र निखिल, अशा दोघांनी नोकरी सांभाळून सुरू केलं. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कोणीही फुकट वापरावं, कोणीही आतून उघडून बघावं आणि जमेल तशी भर घालावी. काम करणारे सगळे स्वयंसेवक. कोणी नांदेडचा, कोणी चिपळूणची, कोणी थेट टोरांटोत बसलेला. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली ही माणसं एका सामायिक पानावर सूचना लिहायची, वाद घालायची, एकमेकांचं काम तपासायची. ताई तिथे आल्या तेव्हा नुकत्या निवृत्त झाल्या होत्या. वडील गिरणीत, लहानपण लोअर परळच्या चाळीत, आणि नोकरी सगळी टेलिफोन खात्यात. आधी ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या ऑपरेटर, शेवटी तक्रार विभागात. "मला कोडिंग येत नाही, पण शब्द येतात. चालेल का?" असं त्यांनी पहिल्या दिवशी लिहिलं होतं. मी उत्तर दिलं होतं, "चालेल." एवढंच. आभार नाहीत, स्वागत नाही. तेव्हा माझी तीच पद्धत होती, आणि ती कार्यक्षमता आहे असा माझा प्रामाणिक समज होता.

मग साताऱ्याकडच्या एका गावातल्या शिक्षिका, वैशाली, यांनी शब्दांची एक यादी पाठवली. कोरड्यास म्हणजे कालवण, माळवं म्हणजे भाजीपाला, वाकळ म्हणजे गोधडी, डालगं म्हणजे टोपली... असे दोन-अडीचशे शब्द होते. आमचं सॉफ्टवेअर त्या सगळ्यांखाली लाल रेघ मारायचं. वैशालीनं नम्रपणे विचारलं होतं, की हे शब्द कोशात घेता येतील का, कारण मुलं निबंधात घरचा शब्द लिहितात आणि लाल रेघ बघून खोडून टाकतात. मी त्या दिवशी कशावरून तरी वैतागलेलो होतो. सगळ्यांना दिसेल असं उत्तर दिलं, की ही कुठली मराठी, मराठी येत नसेल तर आधी शिकून या, आमचा वेळ कचराकुंडी भरायला नाही. निखिलनं खाली हसरा चेहरा टाकला.  वैशाली आपलं खातं बंद करून निघून गेली.

ताईंनी त्या पानावर एक अक्षर लिहिलं नाही. मला तेवढा निरोप आला : "रविवारी जेवायला ये. सुकट चालते ना?" मी फणसवाडीत वाढलेला असलो तरी मूळचा मालवणकडचा, सुकट चालते का हे मला विचारायची गरज नव्हती. गेलो. जुन्या चाळीच्या जागी झालेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर त्यांचं घर. भाकरी, सुकटीची चटणी, कांदा, पोटभर जेवलो. मग ताईंनी चष्मा लावला आणि एक छापलेला कागद माझ्या हातात दिला. माझंच उत्तर होतं.

"मी वैशाली आहे असं समज," त्या समोरच्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "आता हे मला वाचून दाखव. माझ्याकडे बघून वाच."

मला वाटलं, गंमत चालली आहे. हसत हसत पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचताना आवाज उतरला. 'कचराकुंडी'पाशी आलो आणि पुढे जाईना. समोर माझ्या आईच्या वयाची बाई, जिच्या हातची भाकरी नुकतीच खाल्ली होती, शांतपणे माझ्याकडे बघत होती.

"वाच की."

"नाही वाचवत, ताई."

"मग लिहवलं कसं?"

मी कागद त्यांना परत दिला.  मग त्यांनी एक्स्चेंजमधली गोष्ट सांगितली. ट्रंक कॉल लागायला तास तास लागायचे आणि लोक लाइनवर नाही नाही ते बोलायचे. एक गृहस्थ रोज शिव्या घालायचे. एकदा ते कसलासा अर्ज घेऊन ऑफिसात आले, ताईंच्याच टेबलापाशी. ताईंनी आवाज लगेच ओळखला. "इतका सज्जन माणूस रे! 'बाई, जरा बसू का' म्हणून विचारून बसला. मी त्याला दिसत होते ना... लाइनवर दिसत नव्हते, एवढाच फरक." मग कागद घडी करून ठेवत म्हणाल्या, "आणि माझी आई जन्मभर वाकळच म्हणायची. त्या वाकळीत आम्ही पाच भावंडं वाढलो. तुझं यंत्र तिच्याखाली लाल रेघ मारतं, त्याचं काय करायचं ते तू ठरव."

मी वैशालीची माफी मागितली, ज्या पानावर अपमान केला होता त्याच पानावर. पण ती परत आली ती माझ्या माफीमुळे नाही. ताईंनी तिचा नंबर मिळवून तिला फोन केला होता, एकदा नाही, दर आठवड्याला. फोनवर माणूस धरून ठेवणं हे तर त्यांच्या हातातलं काम. दोन महिन्यांनी वैशाली परत आली आणि वाकळ, माळवं, कोरड्यास सगळ्यांच्या खालच्या रेघा गेल्या. आज वेलांटीचा संपूर्ण शब्दकोश वैशालीच सांभाळते, आणि मला तिच्या परवानगीशिवाय त्यात एक शब्दही घालता येत नाही.

एवढ्यावर थांबतील तर त्या सुजाताताई कसल्या! एक माणूस सुधारून भागणार नाही, नियम लिहायला हवेत, असा त्यांनी आग्रह धरला. तेव्हा दादरला एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एकदा आमची बैठक व्हायची. मुंबईतले यायचे, बाकीचे पडद्यावर. मी इंग्रजीतल्या एका नमुन्यावरून मसुदा करून नेला. 'सदस्यांनी परस्परांशी सौहार्दपूर्ण वर्तन राखणे अपेक्षित आहे' असं पहिलंच वाक्य. ताईंना इतकं हसू आलं की पाणी प्यावं लागलं. "अरे, ही तर सोसायटीची नोटीस झाली! गच्चीवर पापड वाळत घालू नयेत, याच्या खाली लावायची." एक जण म्हणाला, "आपण सगळी चांगलीच माणसं आहोत, नियम कशाला?" ताई म्हणाल्या, "चांगल्या माणसांच्या रस्त्यावर सिग्नल नसतो का?"

मग तीन बैठका वाद घालून त्यांनी साध्या मराठीत नियम लिहून घेतले. नव्या माणसाला उत्तर देताना आधी आभार माना, मग चूक दाखवा. चूक कामातली दाखवा, माणसाची काढू नका. जात, गाव, बोली, बाईपण, वय यांवरून टोमणा मारायचा नाही, आणि 'गंमत केली' हा खुलासा धरला जाणार नाही. तक्रार करणाऱ्याचं नाव बाहेर फुटणार नाही. तक्रारी तिघांची समिती बघेल आणि त्यात ज्याच्यावर तक्रार आहे तो बसणार नाही. शेवटचा नियम त्यांनी माझ्याकडे न बघता वाचला : वेलांटी ज्यांनी सुरू केली, त्यांनाही हे सगळं लागू. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात वर केला. निखिलनंही केला, पण खांद्यापर्यंतच.

खरी परीक्षा त्या निखिलनंच घेतली. वेलांटीचं सगळं इंजिन त्याच्या डोक्यातून आलेलं. हुशारी अशी की आम्ही आठवडाभर झगडायचो ते तो तासात सोडवायचा, आणि जीभ अशी की तो तास संपता संपता दोन माणसं काम सोडायची. नियम झाल्यावर चौथ्या महिन्यात त्यानं नांदेडच्या मुलाला सगळ्यांदेखत 'आरक्षणातून आलेलं डोकं' म्हटलं. तक्रार आली. समितीनं, म्हणजे ताई, वैशाली आणि टोरांटोचे देशपांडे यांनी, निखिलला एक महिना काम बंद ठेवायला सांगितलं आणि जाहीर माफी मागायला लावली.

मी ताईंशी फोनवर भांडलो. खरंच भांडलो. "ताई, पुढची आवृत्ती तोंडावर आलीय. निखिल नसेल तर वेलांटी बंद पडेल."

"पडू दे."

"असं कसं म्हणता?"

"एका माणसाच्या जिवावर उभं आहे, तर ते मुक्त कसलं रे? त्या पोरानं आज काय वाचलंय, ते तू वाच. मोठ्यानं वाच. मी ऐकते."

मी वाचलं नाही. फोन ठेवला आणि तावातावानं त्यांना दोन पानांचं ईमेल लिहिलं. नियमांचा अतिरेक, कृतघ्नपणा, काय काय. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं : "वाचलं. विचार करून उद्या कळवते." दुसऱ्या दिवशी कळवलं, की निर्णय तोच आहे.

नवी आवृत्ती तीन आठवडे लांबली. पण निखिल नसल्यामुळे चार जणांना इंजिन उघडून समजून घ्यावं लागलं, आणि त्यातला सगळ्यात पुढे गेलेला होता तो नांदेडचाच मुलगा, सुमेध. निखिलनं महिनाभर माझाही फोन उचलला नाही. मला वाटलं, गेला. महिना उलटून दोन दिवस झाले आणि त्याचं माफीपत्र आलं. तीन ओळींचं, पण त्यात 'जर कोणी दुखावलं असेल तर' असलं काही नव्हतं. पाठोपाठ एक छोटीशी दुरुस्ती. खाली लिहिलं होतं, "सुमेध, कृपया तपासशील का?" सुमेधनं तपासली, एक चूक काढली, आणि आधी आभार मानले. ताईंनी खाली विचारलं, "निखिल, जेवलास का?" तो मला नंतर म्हणाला, "यार, सगळं सहन केलं असतं. 'जेवलास का'ला काय उत्तर देणार?"

ताई संत नव्हत्या, हे मात्र सांगायला हवं. एका गृहस्थांनी एकच प्रश्न सातव्यांदा विचारला तेव्हा त्या लिहून गेल्या, "तुम्हाला वाचता येतं ना?" दहा मिनिटांनी समितीकडे तक्रार आली. आरोपी सुजाता कासारे. तक्रारदार सुजाता कासारे. आम्ही म्हटलं, सोडून देऊ या, चिडणं साहजिक होतं. त्या ऐकेनात. "माझ्याऐवजी तू समितीत बस आणि शिक्षा सांग," मला म्हणाल्या. मी समज द्यायचं सुचवलं. त्यांनी पंधरा दिवसांची बंदी मागून घेतली आणि ती काटेकोर पाळली. त्या पंधरा दिवसांत पानावर लिहिता येत नव्हतं म्हणून त्यांनी आम्हा प्रत्येकाला रोज फोन केले. पंधराव्या दिवशी देशपांडे टोरांटोहून कळवळून म्हणाले, "प्रसाद, यांना परत घ्या रे, माझी झोप होत नाहीये."

पुढे इतर दोन-तीन गटांनी आमचे नियम जसेच्या तसे उचलले. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "घेऊ देत. मुक्तच आहेत." शेवटची एक-दोन वर्षं हृदयाचं दुखणं मागे लागलं होतं, पण त्याबद्दल त्या बोलायच्या नाहीत. विचारलं तर विषय सरळ दुसऱ्या लाइनला जोडून द्यायच्या.

ताईंच्या मागे बौद्ध रीतीनं झालेल्या जलदान विधीला आम्ही सगळे गेलो होतो. वैशाली साताऱ्याहून आली, सुमेध नांदेडहून. दोघंही एकमेकांना प्रत्यक्ष प्रथमच भेटत होती, आणि ताईंच्या तसबिरीसमोर उभं राहून आधी एकमेकांचे आभार मानत होती. पाहुणे पांगल्यावर मैत्रेयीनं आईचा लॅपटॉप उघडला. वेलांटीच्या कामाचं काही असेल तर आम्ही घेऊन जावं, असं तिचं म्हणणं. त्यात एक फोल्डर होतं. नाव, 'पाठवायचं नाही'.

उघडलं, तर आत पत्रंच पत्रं. शे-सव्वाशे तरी असतील. वर्षानुवर्षं ज्या ज्या वेळी त्यांनी आम्हाला "वाचलं, उद्या कळवते" असं गोड उत्तर दिलं होतं, त्या त्या वेळी आधी हे लिहून काढलेलं होतं. आम्ही भांडलो त्या दिवशीचं माझ्या नावचं पत्र असं सुरू होत होतं : "प्रसाद, तुझ्यापेक्षा आमच्या एक्स्चेंजमधला बंद पंखा बरा, निदान गार वारा देतो असा त्याचा दावा नव्हता." पुढे परळच्या अस्सल भाषेत दीड पान, ते इथे छापता येणार नाही. मी मोठ्यानं वाचत गेलो, समोर बघत. या वेळी कुठे अडलो नाही. मैत्रेयी डोळे पुसत होती आणि हसत होती. निखिल खांद्यावरून डोकावून विचारत होता, "माझी किती आहेत? मोज ना." मोजली. त्याची अकरा, माझी चौदा. त्याचा चेहरा पडला. वैशालीच्या नावचं एकही नव्हतं.

मैत्रेयी म्हणाली, "हे पुसून टाकू ना? आईनंच लिहिलंय, पाठवायचं नाही म्हणून." सगळे एकदम ओरडलो, "नाही!"

सगळ्यात शेवटचं पत्र त्या गेल्या त्याच्या आदल्या दिवसाचं आहे. त्यात फक्त दोन शब्द : "अहो महाशय," आणि स्वल्पविरामापुढे कोरी जागा. त्या दिवशी त्या कोणावर चिडल्या होत्या, हे आम्ही पानावरचं सगळं मागे जाऊन वाचून शोधलं, पण काही थांग लागला नाही. निखिलचं म्हणणं ठाम आहे, की ते त्यालाच होतं. तो म्हणतो, मोजणी आता बारा धरा... आणि सुमेधनं त्याच्याविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवली आहे, की तो मान स्वतःकडे ओढून घेतो. समिती येत्या शनिवारी बसणार आहे.