बाईजाची दोन जानेवारी

सिद्धगडाच्या पायथ्याशी ठाकरांची एक वाडी आहे. तिथं बाईजा मेंगाळ राहायची. डिसेंबर सरत आला की ती कोयता घेऊन निघायची आणि हुतात्मा स्मारकाकडं जाणारी पायवाट मोकळी करायची. बेचाळीसच्या चळवळीतली माणसं या रानात लपली होती, तेव्हा बाईजाची सासू हौसा त्यांना भाकऱ्या पोचवायची. पाटीत भाकऱ्या, वर फडकं. कोणी हटकलं तर सांगायची, जळणाला चालले. पुढं दोन जानेवारीच्या पहाटे इंग्रजांच्या पोलिसांनी त्या माणसांवर गोळ्या झाडल्या. दर वर्षी त्याच पहाटे स्मारकाशी लोक जमत आणि त्या माणसांना मदत करणाऱ्यांची नावं पुकारून त्यांना पुढं बोलावत. हौसा गेल्यावर तिच्या जागी बाईजाचं नाव पुकारलं जाऊ लागलं.

सत्त्याण्णव साली बाईजाची लेक काजल साप चावून गेली. मुरबाडच्या बाजारात बाईजाशेजारी भाजी विकायला बसणाऱ्या दोन ख्रिस्ती बाया वाडीवर आल्या आणि नऊ दिवस राहिल्या. त्यांनी तिला उपदेश केला नाही. पाणी भरलं, चूल पेटवली, संध्याकाळी हलक्या आवाजात गाणी म्हटली. बाईजा त्या गाण्यांच्या मागं मागं गेली म्हणायला हरकत नाही. दोन वर्षांनी शहापूरला जाऊन तिनं बाप्तिस्मा घेतला. वाडीतली काही घरं तिच्याशी बोलेनाशी झाली. ते तिनं सोसलं.

दोन हजार सालच्या डिसेंबरात टोकावड्याचा साईनाथ घरी आला. स्मारक समितीत तो नवा होता. ओटीवर बसला, पण पाण्याला हात लावला नाही.

"बाई, यंदा तुमचं नाव घेतलं नाय," तो म्हणाला. "तुमचा देव इंग्रजांचा. इंग्रजांनी ज्यांना मारलं, त्यांच्यासमोर तुमी कशा उभ्या राहणार?"

बाईजा तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"इंग्रज येशूचं ऐकत असते, तर गोळ्या घातल्या असत्या का रे?"

साईनाथ उठून गेला. सुपातले तांदूळ तसेच राहिले.

नाताळाला ती शहापूरला गेली. तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पास्टर शांतवन भला माणूस. वाडीवरून कोणी आलं की आधी जेवायला वाढणारे. तिचं सगळं ऐकून ते म्हणाले, "बरंच झालं, बाईजाबाय. तिथं नारळ फुटतात, धूप जळतो. मेलेल्या माणसांना आपण पुजत नाय."

आपल्याच माणसाकडून हे ऐकून तिला जास्त लागलं.

"मी पुजायला नाय जात, पास्टर," ती म्हणाली. "नारळ नाय फोडणार. पण सासूनं ज्यांना जेवू घातलं, त्यांना मी ओळखत नाय असं कसं म्हणू? देव घेतला म्हणून देश सोडायचा असतो का?"

पास्टर म्हणाले, "जा. मी प्रार्थना करतो." त्यांना पुरतं पटलं नव्हतं, हे तिला दिसत होतं.

दोन जानेवारीला तांबडं फुटायच्या आत ती स्मारकाशी पोचली आणि गर्दीच्या मागं उभी राहिली. लोकांनी नारळ फोडले, तेव्हा ती हात बांधून होती. झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं, ते तिनं सगळ्यांबरोबर म्हटलं. साईनाथनं यादी वाचली. त्यात बाईजाचं नाव नव्हतं. तेव्हा समितीचे म्हातारे अध्यक्ष लडकूदादा काठी टेकत पुढं आले.

"हौसाची सून आलीय ना? ये गो पुढं. सांग सासूचं."

बाईजानं सांगितलं. भाषण तिला येत नव्हतं. सासू जशी सांगायची तसंच, ठाकरीत, पाटी आणि फडक्यासकट तिनं सांगितलं. पुढं बसलेली शाळेची पोरं हलली नाहीत. मागं दोघं-तिघं उठून गेले, तेही तिनं पाहिलं.

पुढच्या वर्षी कार्यक्रमाच्या छापील पत्रिकेत तिचं नाव होतं, अगदी तळाला. सून नम्रतानं ते वाचून दाखवलं आणि ती चिडली. "तळाला टाकलंय, आई."

"असू दे," बाईजा म्हणाली. "मला वाचता कुठं येतंय?"

साईनाथनं कधी माफी मागितली नाही. पण चार-पाच वर्षांनी लडकूदादा गेले, तेव्हा वाडीवर निरोप घेऊन तोच आला. त्या दिवशी तो पाणी प्यायला, आणि अंत्ययात्रेला बाईजाला आपल्या मोटरसायकलवर मागं बसवून घेऊन गेला.